पॉवर की साधं? लिटरमागचे जादा साडेसात रुपये वसूल होतात का?

हिशोबनीस

दूध, गॅस, शाळेची व्हॅन, रिक्षा, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळंच वर चाललंय. यातल्या बहुतेक खर्चांपुढे आपण काहीच करू शकत नाही. एका खर्चाचा निर्णय मात्र दर आठवड्याला आपणच घेतो, तोही तीन सेकंदांत: पंपावरच्या 'पॉवर की साधं?' या प्रश्नाला उत्तर देऊन. चर्चा त्यावर हवी आहे.

आकडे आधीच देतो, म्हणजे 'फील चांगला येतो'वर गाडी अडायची नाही. साधं पेट्रोल १०४ रुपये, प्रीमियम म्हणजेच 'पॉवर' १११.५०. पंपागणिक थोडं इकडेतिकडे होईल, पण हिशोबाला हेच धरू. वाहनं दोन. बीएस६ ची ११० सीसी स्कूटर, महिन्याला ६०० किमी, ॲव्हरेज ४५. १.२ लिटर पेट्रोल कार, टर्बो नाही, महिन्याला १००० किमी, ॲव्हरेज १५. दोन्ही पुण्यातल्या कोथरूड, कर्वे रोड, हिंजवडी याच टापूत फिरतात.

प्रीमियमने ॲव्हरेज वाढतं का? नसेल तर इंजिनाला दुसरा काही फायदा आहे का? आणि कुठल्या गाडीला ते खरोखर लागतं?

पाव लिटर

हा प्रश्न अजून विचारतात? कुठला पंप, सांगून ठेवा. बाकी ठिकाणी थेट पॉवरचं नोझल टाकीत जातं.

तेरा चा पाना

ऑक्टेन म्हणजे ताकद, हा समज आधी काढून टाकू. दाबाखाली आपणहून न पेटण्याची पेट्रोलची तयारी म्हणजे ऑक्टेन. पिस्टन वर येताना मिश्रण दाबलं जातं, तापतं, मग प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत एका बाजूने दुसरीकडे सरकते. ज्योत पोचायच्या आत पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःच भडकलं, तर ते नॉकिंग. आवाज पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा येतो. ऑक्टेन जास्त असलं की हे टळतं. एवढंच त्याचं काम.

आता इंजिनाला त्याची गरज किती, ते कॉम्प्रेशन रेशोवरून, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्यावरून कळतं. क्लासिक ३५० चं सध्याचं इंजिन ९.५ ला १. आजच्या ११० सीसी स्कूटरी १० च्या आसपास. ही इंजिनं ९१ ऑक्टेन डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेली आहेत. त्यांना ९५ दिलं काय आणि १०० दिलं काय, नॉकिंग मुळात होतच नव्हतं, तर थांबणार काय?

दुसरा मुद्दा नॉक सेन्सरचा. कारच्या ब्लॉकवर हा बोल्टने बसवलेला असतो, नॉकिंगची थरथर ऐकतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला कळवतो. ईसीयू ठिणगी थोडी उशिरा टाकते. पेट्रोल चांगलं मिळालं तर ती पुन्हा पुढे आणते, आणि फायदा झालाच तर तिथे होतो. छोट्या स्कूटरींत सहसा नॉक सेन्सर नसतो. ठिणगीची वेळ ठरलेल्या तक्त्यानुसार. टाकीत कुठलं पेट्रोल आलंय हे त्या इंजिनाला कळायला मार्गच नाही.

हिशोबनीस

पानासाहेब, एकदम मुद्द्याचं. मग त्यावर गणित करून टाकतो.

७.५० भागिले १०४ म्हणजे ७.२ टक्के. पैसे फिटायचे तर ॲव्हरेज तेवढंच वाढायला हवं. स्कूटर ४५ वरून ४८.२ वर, कार १५ वरून १६.१ वर. त्याच्या खाली सगळा तोटा.

न वाढल्यास खर्च: स्कूटरला महिन्याला १३.३ लिटर, जादा १०० रुपये. कारला ६६.७ लिटर, जादा ५०० रुपये. दोन्ही मिळून वर्षाला ७,२००.

सदाशिव पेठी

७,२०० मध्ये वर्षभराच्या बाकरवडीची सोय होते. आणि तिचं ॲव्हरेज कोणी विचारत नाही.

घाटमाथा

थोडा विरोध नोंदवतो. पानाकाकांचं ९१ चं गणित साध्या इंजिनांना ठीक आहे. पण सगळ्या गाड्या एका मापाने मोजू नका.

टर्बो पेट्रोल, म्हणजे एक लिटरची तीन सिलिंडरवाली इंजिनं, हवा आधीच दाबून आत घेतात. तिथे कागदावरचं कॉम्प्रेशन १० दिसलं तरी प्रत्यक्ष दाब बराच जास्त. बोपदेव घाटात किंवा खंबाटकीला चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू, एप्रिल महिना. अशा वेळी ईसीयू ठिणगी मागे ओढते आणि गाडी सुस्तावते. तिथे जास्त ऑक्टेनचा फरक जाणवतो, आणि तो मनाचा खेळ नसतो. १२ च्या वर कॉम्प्रेशन असलेल्या परफॉर्मन्स बाइकलाही तेच लागू.

तेव्हा 'प्रीमियम म्हणजे लूट' असं सरसकट म्हणू नये.

तेरा चा पाना

घाटमाथा, टर्बोचं मान्य. पण नुसत्या कॉम्प्रेशनच्या आकड्यावर जाऊ नका. मागच्या पिढीच्या स्विफ्टचं के१२एन इंजिन घ्या, १२ ला १ असून साध्यावर चालतं, कारण ईजीआर यंत्रणेतून इंजिनाचाच थंड केलेला धूर परत आत घेऊन ज्वलनाचं तापमान खाली ठेवलंय आणि नॉक कंट्रोल आहे. शेवटचा शब्द पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरचा आणि मॅन्युअलचा. तिथे किमान ९१ लिहिलं असेल तर विषय संपला. ९५ लिहिलं असेल तरच पुढे बोलू.

अजून एक, पुण्याचा फायदा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी, सिलिंडरमध्ये हवा तेवढी कमी भरते, त्यामुळे साध्या इंजिनाची ऑक्टेनची गरजही थोडी कमीच. टर्बोला हे लागू नाही, तो ती कसर स्वतः भरून काढतो.

सदाशिव पेठी

म्हणजे मुंबईपेक्षा आपण उंचीवर आहोत हे आता शास्त्रानेही मान्य केलं. छान. धागा बंद करायला हरकत नाही.

बाष्पीभवन

बंद करू नका, गंमत पुढे आहे. वरची सगळी चर्चा '९१ विरुद्ध ९५' अशी चाललीय, ती आता अर्धी शिळी झालीय.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास. ई२० चं भारतीय मानक, आयएस १७०२१, त्यात किमान ऑक्टेनच ९५ आहे. म्हणजे तुम्ही ज्याला 'साधं' म्हणताय, तेही त्या मानकाचं असेल तर ९५. मग ९५ वाल्या प्रीमियमचा ऑक्टेनचा मुद्दा उरला कुठे? ९७, ९९, १०० वाल्यांचा उरतो, पण ते लागणारी गाडी तुमच्या सोसायटीत किती, मोजा.

उरतात ती ॲडिटिव्ह्ज, म्हणजे मुख्यतः डिटर्जंट. ती खोटी नाहीत. इंजेक्टरच्या तोंडाशी आणि इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला राळेसारखा थर साचतो, तो ती धरू देत नाहीत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत असेल तरच व्हॉल्व्ह धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्हला शिवतही नाही. म्हणजे ज्या महागड्या टर्बो गाड्यांत लोक हौसेने प्रीमियम भरतात, त्यातल्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचे व्हॉल्व्ह त्याने स्वच्छ होत नाहीत, फक्त इंजेक्टर होतात. दोन, डिटर्जंटने ॲव्हरेज 'वाढत' नाही. घाणीमुळे गेलेलं असेल तेवढंच परत येतं.

हिशोबनीस

मग महिन्यातून एकदा टाकी प्रीमियमची आणि बाकी साधं, असं चालेल का? मिसळलं तर बिघडतं का काही?

बाष्पीभवन

मिसळायला काहीच हरकत नाही. अर्धी टाकी ९१, अर्धी ९५ तर साधारण ९३, इतकं सरळ. पण डिटर्जंटसाठीच करायचं असेल तर वेगळी इंजेक्टर क्लीनरची बाटली दर ८-१० हजार किमीला टाकणं जास्त हिशोबी. पॉलिइथरअमाइन, पीईए, असं लेबलवर असलेली घ्या. पद्धत: टाकी जवळजवळ रिकामी असताना आधी बाटली, मग लगेच पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. बाटलीवर इतक्या लिटरला इतकी असं प्रमाण असतं. कारची अख्खी बाटली स्कूटरच्या पाच लिटरच्या टाकीत ओतू नका. जास्त ओतल्याने जास्त साफ होत नाही. नंतरची टाकी एका दमात हायवेवर संपली तर उत्तम.

नळस्टॉप सिग्नल

त्या जादा साडेसात रुपयांत कोणाचा वाटा किती, हे कोणी सांगेल का? कंपनीचा खर्च खरंच तेवढा वाढतो?

बाष्पीभवन

थोडी फोड करून दाखवतो. राज्याचा व्हॅट टक्क्यांत आहे, पुण्यात पेट्रोलला २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. ते ५.१२ दोन्हीकडे सारखे, म्हणून सोडून द्या. टक्केवारीमुळे मूळ किंमत वाढली की करही वाढतो. ७.५० भागिले १.२५ म्हणजे ६ रुपये, म्हणजे दीड रुपया व्हॅट. केंद्राचं मूळ अबकारी शुल्क साध्याला १.४० आणि ब्रँडेडला २.६०, तिथे १.२० गेले. राहिले ४.८०. त्यात ॲडिटिव्ह, जादा ऑक्टेन, डीलरचं कमिशन, वेगळी टाकी, जाहिरात. थोडक्यात साडेसातातले २ रुपये ७० पैसे टाकीत पडतच नाहीत, तिजोरीत पडतात.

पाव लिटर

तिजोरीचं ॲव्हरेज कधी कळणार?

आळशी उंट

माझा प्रश्न जुन्या गाड्यांचा. २०१० च्या आगेमागच्या कार्ब्युरेटरवाल्या बाइक आणि स्कूटर ई२० वर नीट चालत नाहीत, सकाळी चोक लागतो, मधेच हुंदके देतात. गॅरेजवाले 'पॉवर टाका' सांगतात. त्याने खरंच काही होतं?

तेरा चा पाना

नाही. ती तक्रार ऑक्टेनची नाहीच, मिश्रणाची आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला नाक नाही. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच, म्हणून मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. प्रीमियममध्येही बहुतेक ठिकाणी इथेनॉल असतंच, किंमत जास्त म्हणजे इथेनॉल नाही असं मुळीच नाही. त्यामुळे 'पॉवर टाका' हा सल्ला फुकट.

काय करायचं ते सांगतो.

गाडी गरम करून १०-१५ किमी चालवा, मग प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर लीन, फिकट विटकरी असेल तर छान, काळा काजळी धरलेला असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. लीन असेल तर आधी पायलट स्क्रू, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा स्क्रू. इथे लोक फसतात: स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-मिश्रणाचा, बाहेर काढला की रिच होतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की उलट लीन होतं. पाव पाव फेरा करूनच फिरवा, प्रत्येक वेळी आयडलिंग स्थिरावू द्या. मूळ जागा मोजून लिहून ठेवा: आधी पूर्ण आत, हलक्या हाताने, किती फेरे झाले ते मोजत. आवळलात तर टोक चेपेल आणि कार्ब्युरेटर गेला. एवढ्याने भागलं नाही आणि थ्रॉटल वाढवल्यावरही हुंदके येत असतील, तर मेन जेट एक नंबर मोठा.

आणि रबर. जुन्या पेट्रोल पाइपला आणि फ्लोट बोलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या ओ-रिंगला इथेनॉल सोसत नाही. फुगतात, मग चिरतात. पाइप वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या की लगेच बदला. इथेनॉलला चालणारा पाइप मागून घ्या, मीटरवर मिळणारा साधा पारदर्शक नको, तो काही महिन्यांत पिवळा आणि कडक होतो.

बाष्पीभवन

यात पावसाळ्याची भर घालतो. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते मुरवून घेतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल राहतं. पेट्रोल टाकीच्या तळातून ओढलं जातं, म्हणजे इंजिनाला आधी मिळतो तो खालचा थर. गाडी खोकते आणि बंद पडते. अशा वेळी 'वरून दोन लिटर टाका, चालेल' हे करू नका. टाकी पूर्ण उपसा. बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा, दोन थर दिसले की निदान पक्कं.

झाकणाचं रबर तपासा, टाकीच्या तोंडाशी असलेलं पाणी निचऱ्याचं बारीक भोक तारेने मोकळं ठेवा. गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट बोलचा खालचा स्क्रू सैल करून तो रिकामा करा. टाकी लोखंडी असेल तर भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि आतून गंज धरतो.

घाटमाथा

इथेनॉलच नको असेल तर १०० ऑक्टेनचा पर्याय आहे ना? इंडियन ऑइलने एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत आणलं, त्यात पुणे होतं. त्यात इथेनॉल नसतं.

हिशोबनीस

भाव १६० च्या आसपास धरा. १६० भागिले १०४, म्हणजे ॲव्हरेज ५४ टक्के वाढायला हवं. ४५ ची स्कूटर ६९ देईल का? इथेनॉल काढल्याने जास्तीत जास्त मिळणार ती ६-७ टक्के उष्णता. वर्षातून चार वेळा बाहेर काढायच्या हौसेच्या जुन्या गाडीला, टाकी न गंजावी म्हणून, ठीक. रोज हिंजवडीला जायला नको.

नळस्टॉप सिग्नल

ई२० मुळे नक्की किती ॲव्हरेज जातं? लोक वीस टक्के सांगतात.

बाष्पीभवन

वीस टक्के इथेनॉल म्हणून वीस टक्के घट, असं जोडलेलं असावं. लिटरमागे पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे ०.८ गुणिले ३२ अधिक ०.२ गुणिले २१, बरोबर २९.८. घट सात टक्क्यांच्या आत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शून्य इथेनॉलसाठी बनवून ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७, दुचाकींना ३ ते ४, आणि ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के असा अंदाज आहे. वीस टक्के घट दिसत असेल तर बाकीची घट गाडीत शोधा, पेट्रोलमध्ये नाही.

तेरा चा पाना

तेच म्हणणार होतो. ती कुठे सापडते ते स्कूटरपुरतं सांगतो, कारण पुण्यात घरटी एक तरी आहेच.

मागचा ब्रेक. लिव्हरचा मोकळा खेळ १० ते २० मिमी हवा. नवीन शूज बसवून नट घट्ट ठेवलेला असतो आणि चाक अखंड घासत फिरतं. मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवून हाताने चाक फिरवा. सरसर आवाज करत अर्ध्या फेऱ्यात थांबलं की समजा पेट्रोल तिथे जळतंय. ड्रमला हात लावून बघा, ब्रेक न मारता पाच किमी चालवल्यावर चटका बसता कामा नये.

एअर फिल्टर. तेल लावलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ करत नाहीत. गॅरेजमध्ये 'साफ केला' सांगतात, म्हणजे त्यावरचं तेल उडवलं आणि धुळीला वाट करून दिली. मॅन्युअलमधल्या अंतराला नवीन टाकायचा. जिथे मेट्रोचं आणि रस्त्यांचं काम चालू आहे तिथून रोज जात असाल तर त्याच्याही आधी.

प्लग. एनजीकेच्या नंबरात शेवटी ९ असेल तर गॅप ०.९ मिमी. फीलर गेज घालून बघा, नखाने नाही.

ऑइल. मॅन्युअल १०डब्ल्यू-३० म्हणत असेल तर २०डब्ल्यू-४० घालू देऊ नका. थंड असताना घट्ट ऑइल घुसळण्यातच ताकद जाते. डबा समोर उघडायला सांगा.

टायरची हवा थंड असताना, आठवड्यातून एकदा. स्टिकरवर जेवढी लिहिली आहे तेवढी. 'चाळीस टाक' नको.

सदाशिव पेठी

आणि नायट्रोजन?

तेरा चा पाना

हवेत ७८ टक्के आहेच की, फुकट.

आजीचा बटवा

विषयाला थोडा फाटा फोडते. पेट्रोलवर एवढा कीस काढताय तर स्वयंपाकाच्या गॅसकडेही बघा. इंडक्शन घ्यावं का, हा प्रश्न घरोघरी आहे.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८१ युनिट विजेएवढी उष्णता. चांगली शेगडी त्यातली ६८ टक्के भांड्याला देते, म्हणजे १२३. इंडक्शन ८५ टक्के देतं, म्हणून तेवढ्याच स्वयंपाकाला १४५ युनिट. सिलिंडर ८५० ला धरला तर युनिटला ५.८६ पडले. बिलावरचा वहन आकार, इंधन अधिभार, वीज शुल्क सगळं धरून तुमचा शेवटचा युनिट याहून महाग पडत असेल, तर गॅसच स्वस्त. शंभर युनिटच्या पुढच्या टप्प्यात असणाऱ्यांना तो महागच पडतो. छतावर सोलर असेल तर उलटं.

ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं पिनने मोकळी करा आणि खालचं हवेचं झाकण फिरवून निळी करा. पातेल्याचं बूड काळं होतंय म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. आणि कुकरला पहिली शिट्टी आली की आच बारीक, पुढच्या शिट्ट्या मोजत बसायचं कारण नाही, घड्याळ लावा.

हिशोबनीस

बटवाताई, हे वेगळ्या धाग्याचं भांडवल आहे. पण उत्तम.

नळस्टॉप सिग्नल

पेट्रोल वाचवायचं तर बस किंवा मेट्रो हे अजून कोणीच म्हटलं नाही, आश्चर्य आहे.

हिशोबनीस

म्हणतो, पण आकड्यांनी. पीएमपी बसचा मासिक पास जून २०२५ पासून १,५०० झाला, आधी ९०० होता. स्कूटरचं महिन्याचं पेट्रोल ६०० भागिले ४५ गुणिले १०४, म्हणजे १,३८७. पासपेक्षा स्वस्त! अर्थात टायर, ऑइल, विमा वेगळे. कारचे मात्र ६,९३३ होतात, तिथे पास आणि मेट्रो सहज जिंकतात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस गाडी घरी ठेवायची असेल तर ती कार असू द्या, स्कूटर नव्हे.

घाटमाथा

सगळं ठीक, पण ॲव्हरेज मोजायचं कसं ते कोणी सांगत नाही. स्क्रीनवरचं बघून लोक 'पॉवरने दोन वाढलं' म्हणतात.

तेरा चा पाना

टाकी ते टाकी. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागा. पहिला ऑटो-कट झाला की थांबा, वर टिपटिप भरू देऊ नका. बीएस६ गाडीत टाकीची वाफ शोषायला कोळशाचा कॅनिस्टर असतो, काठोकाठ भरलं की त्यात पेट्रोल शिरतं आणि तो निकामी होतो. किमी लिहा. पुढच्या वेळी पुन्हा कट होईपर्यंत भरा, किमी भागिले लिटर. एका टाकीवर निष्कर्ष नको. साध्याच्या तीन, प्रीमियमच्या तीन, रस्ता तोच, हवा तीच, आणि मधली एक टाकी मिसळलेली म्हणून हिशोबातून बाद. चतुर्थीला लक्ष्मी रोडवर अडकलेला आठवडा धरू नका.

स्कूटरच्या पाच लिटरच्या टाकीत ऑटो-कट शंभर मिली इकडेतिकडे झाला की चार लिटरवर अडीच टक्के चूक तिथेच. म्हणजे एका टाकीत दिसलेला 'दोनचा फरक' बराचसा नोझलचा असतो.

पाव लिटर

सकाळी लवकर भरलं तर थंड पेट्रोल जास्त मिळतं, हे खरं?

बाष्पीभवन

पेट्रोल दर अंशाला ०.१ टक्क्याच्या आसपास फुगतं, हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली, तिथे सकाळ-दुपारचा फरक अंशभर जेमतेम. लिटरला मिलिलिटरभर मिळेल. त्यासाठी पाच वाजता उठू नका.

पाव लिटर

आणि शंभरऐवजी एकशे दहाचं भरलं तर?

बाष्पीभवन

दहा रुपयांचं जास्त मिळेल.

मापाची शंका असेल तर आकड्यांचे खेळ करू नका, पाच लिटरचं माप मागा. वैध मापनशास्त्र विभागाने तपासलेलं, शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर असतं आणि ग्राहक ते मागू शकतो. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो. माप आधी पेट्रोलने ओलं करून रिकामं केलेलं असावं, सपाट जागेवर ठेवावं, मग मानेवरची रेघ डोळ्यांच्या पातळीवर बघावी. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा: नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका, दोन मिनिटांत उडून डाग राहता कामा नये. घनताही बघता येते. १५ अंशांवर आणलेला आकडा पंपाच्या नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त हलला तर विचारणा करा.

हिशोबनीस

मूळ प्रश्नावर येतो. माझी स्कूटर: नॉक सेन्सर नाही, कॉम्प्रेशन १०, स्टिकरवर किमान ९१. साधं. कारला नॉक सेन्सर आहे, पण टर्बो नाही आणि नॉकिंगही नाही. तीही साध्यावर. घाटमाथा, चढावर चौथ्या गियरमध्ये कमी आरपीएमला खिळ्यांचा आवाज आला तर मग प्रीमियम?

घाटमाथा

आधी गियर उतरवा. तरी आला तर कूलंटची पातळी, रेडिएटरचा पंखा, प्लगची हीट रेंज आणि पिस्टनवरचा कार्बन या क्रमाने बघा. हे सगळं नीट असून आवाज राहिला तर एक टाकी जास्त ऑक्टेनची टाकून पाहा. थांबला तर पेट्रोलचा, नाही थांबला तर गाडीचा.

हिशोबनीस

ठरलं. आता राहिला पंपावरचा मुलगा. 'साधं' म्हणेपर्यंत नोझल आत गेलेलं असतं. टाकीच्या झाकणावर स्टिकर लावावा म्हणतो: 'साधं पेट्रोल. आधी शून्य दाखवा.'

सदाशिव पेठी

'दाखवा' नाही, 'दाखवावे'. आणि खाली: 'पॉवर भरल्यास पैसे साध्याचे मिळतील.'